विश्लेषण : ना जळजळ, ना आंबट ढेकर, तरीही अन्ननलिकेला सूज! अशा वेळी डॉक्टर उपचार कसे ठरवतात?

समजा, कळंब तालुक्यातल्या एका गावातले साठीचे शेतकरी आहेत. दोन महिन्यांपासून चढ चढताना दम लागतो, म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८ निघाले. डॉक्टरांनी लातूरला पाठवले, तिथे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली आणि हातात रंगीत फोटोंचा कागद आला. त्यावर लिहिले होते : ‘इसोफॅजायटिस, ग्रेड बी’. म्हणजे अन्ननलिकेला सूज.

घरी परतताना एसटीत प्रश्न सुरू होतात. ‘मला तर आयुष्यात कधी पित्त झालं नाही, मग सूज कसली?’ औषधाच्या दुकानातला ओळखीचा माणूस म्हणतो, गॅसची गोळी सुरू करा, वर्षभर घ्या. जावई म्हणतो, दुखत नाही ना, मग सोडून द्या.

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. लक्षणे नसताना सापडलेली अन्ननलिकेची सूज ही पोटविकारतज्ज्ञांकडे नेहमी येणारी गोष्ट आहे. तिच्यावर एकच ठरलेले उत्तर नाही. काहींना औषध लागते, काहींना लागत नाही, आणि काहींच्या बाबतीत ती सूज हा मूळ आजार नसतोच. या उदाहरणातले रुग्ण कोणत्या गटात बसतात, ते पुढे येईलच.

नेमके सापडले काय?

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक वळे असते. घास आला की ते सैल होते, एरवी घट्ट राहते. यंत्रातल्या एकमार्गी व्हॉल्व्हसारखे त्याचे काम. जठराचे अस्तर आम्ल सहन करण्यासाठी घडलेले असते, अन्ननलिकेचे नसते. वळे वारंवार सैल पडले किंवा जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकला, म्हणजे हायटस हर्निया झाला, तर आम्ल वर येते आणि नळीच्या अस्तरावर ओरखडे उठतात. दुर्बिणीतून ते लालसर किंवा पांढरट पट्ट्यांसारखे दिसतात.

आपल्याकडे या सगळ्याला ‘पित्त’ म्हणतात. खरे पित्त यकृतात तयार होते, हिरवट-पिवळे असते आणि आतड्यात उतरते. छातीत जळजळ करते ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल. नावाचा हा घोळ एरवी निरुपद्रवी आहे. पण ‘पित्त होत नाही’ एवढे सांगून रुग्ण मोकळा होतो, आणि घशाशी येणे, रात्री ठसका लागणे, सकाळी आवाज बसणे यांचा उल्लेख राहून जातो.

इजा आहे, मग दुखत का नाही?

स्वीडनच्या उत्तरेला फिनलंडच्या सीमेजवळ कालिक्स आणि हापारांडा अशी दोन छोटी गावे आहेत. तिथल्या सर्वसामान्य रहिवाशांमधून चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या १,००० प्रौढांची दुर्बिणीने तपासणी करण्यात आली. यात आजारी म्हणून दवाखान्यात आलेले लोक नव्हते, म्हणूनच हा अभ्यास महत्त्वाचा ठरला. २००५च्या सुमारास त्याचे निष्कर्ष आले. १५.५ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लाने इजा झालेली होती आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आम्ल वर येण्याचा कसलाच त्रास नव्हता. उलट, ४० टक्के लोक त्रास सांगत होते, पण त्यातल्या बहुतेकांच्या नळीत जखम दिसली नाही.

जखम आणि जळजळ यांचे गणित सरळ नाही, हे यावरून स्पष्ट होते. जळजळ कळवण्याचे काम अन्ननलिकेतल्या चेतातंतूंचे. काहींचे हे सेन्सर इतके तीव्र असतात की थोड्या आम्लानेही छाती पेटते. काहींचे मंद असतात. वय वाढते तसे ते आणखी मंदावतात, त्यामुळे ज्येष्ठांमध्ये तक्रार कमी आणि जखम मोठी असा उलटा प्रकार वारंवार दिसतो. मधुमेहाने चेतातंतूंची हानी झालेल्यांमध्येही असे होऊ शकते.

आणखी एक गंमत आहे. वर्षानुवर्षे आम्ल लागून नळीच्या खालच्या भागाचे अस्तर बदलले आणि आतड्यासारखे झाले, तर ते नवे अस्तर आम्लाला कमी संवेदनशील असते. याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात. जळजळ आपोआप थांबते, रुग्णाला बरे वाटते, आणि कर्करोगाचा धोका मात्र थोडा वाढलेला असतो. त्या स्वीडिश अभ्यासात असा बदल १.६ टक्के लोकांत सापडला होता.

भारतात इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कार्यगटाने १२ केंद्रांवर केलेल्या पाहणीत ७.६ टक्के लोकांना आम्ल वर येण्याचा लक्षणीय त्रास असल्याचे आढळले होते. ही संख्या तक्रार करणाऱ्यांची. तक्रार न करणारे त्यात येत नाहीत.

‘काहीच होत नाही’ हे कितपत खरे?

असा रिपोर्ट आला की चांगला डॉक्टर सर्वांत आधी गोळी लिहीत नाही, पुन्हा प्रश्न विचारतो. कारण ‘लक्षण नाही’ याचे दोन अर्थ होतात. खरोखरच नाही, किंवा रुग्णाने त्याच्याशी जुळवून घेतले आहे.

हे जुळवून घेणे फार बेमालूम असते. ज्वारीची भाकरी कोरडी खाताना अडकते म्हणून माणूस ती आमटीत कुस्करून खाऊ लागतो. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेतो. पंगतीत सगळ्यांच्या शेवटी उठतो. घरचे म्हणतात, ‘त्यांचं जेवण पहिल्यापासूनच सावकाश.’ म्हणून ‘गिळायला त्रास होतो का?’ याऐवजी ‘भाकरी कशी खाता? कुस्करून की तोडून? पाणी किती लागते?’ असे विचारले तर उत्तर बदलू शकते.

दुसरे, ज्याला रुग्ण पोटाशी जोडतच नाही अशी लक्षणे : जुना कोरडा खोकला, रात्रीचा दमा, घोगरा आवाज, दातांचे आतल्या बाजूचे आवरण झिजणे. यांची इतरही डझनभर कारणे असतात, त्यामुळे खोकला आहे म्हणजे आम्लच, असा उलटा निष्कर्षही काढता येत नाही.

आणि तिसरे, ‘मी कुठलंही औषध घेत नाही’ हे वाक्य. गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली वेदनाशामक गोळी आणि तिच्यासोबत दुकानदाराने दिलेली पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी अनेकांच्या हिशेबात औषधच नसते. ही दुसरी गोळी लक्षणे झाकते. दुर्बिणीच्या आधी काही दिवस ती घेतली असेल, तर दिसलेली सूजही खऱ्यापेक्षा सौम्य दिसू शकते.

ए, बी, सी, डी : अक्षरावर ठरते पुढची वाट

रिपोर्टवरचे अक्षर ‘लॉस एंजेलिस वर्गीकरणा’तले असते. १९९४ मध्ये त्या शहरात झालेल्या जागतिक परिषदेतून ही पद्धत पुढे आली. ‘ए’ म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे ओरखडे. ‘बी’ म्हणजे त्याहून लांब, पण अस्तराच्या एका घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत न जोडलेले. ‘सी’मध्ये जखमा घड्या ओलांडून एकमेकींना जोडलेल्या असतात, पण नळीच्या घेराच्या पाऊण भागापेक्षा कमी. ‘डी’मध्ये पाऊण भाग किंवा त्याहून जास्त.

‘ए’ हा फसवा गट आहे. असे बारीक ओरखडे पूर्णपणे निरोगी माणसातही दिसतात आणि दोन तज्ज्ञ एकाच फोटोकडे पाहून वेगळे मत देऊ शकतात. आम्ल वर येण्याच्या आजारासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘लिऑन सहमती’च्या ताज्या आवृत्तीत म्हणूनच ‘ए’ला पक्का पुरावा मानलेले नाही. ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ यांना मानले आहे. ‘ए’ असताना खात्री हवीच असेल, तर नळीत बारीक सेन्सर ठेवून आम्लाची दिवसभराची नोंद घेता येते. पीएच ४ च्या खाली राहण्याचा काळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त असेल तर आजार नक्की, ४ टक्क्यांहून कमी असेल तर नाही. ही सोय मोठ्या शहरांतच आहे, आणि ज्याला काहीच त्रास नाही अशा ‘ए’वाल्यासाठी तिची सहसा गरजही पडत नाही.

‘सी’ आणि ‘डी’बाबत मात्र डॉक्टरांमध्ये फारसे दुमत नाही. लक्षणे असोत वा नसोत, उपचार करायचे. कारण इथे प्रश्न जळजळीचा राहिलेला नसतो. इतक्या पसरलेल्या जखमेतून रक्तस्राव होऊ शकतो, भरून येताना व्रण आकसून नळी अरुंद होऊ शकते, आणि सुजेखाली बॅरेट्सचा बदल लपलेला असू शकतो. सूज असताना तो नीट दिसत नाही आणि तुकडा काढून तपासला तरी पेशींचे चित्र गोंधळात टाकते. म्हणून पीपीआय गटातले औषध, म्हणजे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांपैकी एक, साधारण आठ आठवडे देऊन पुन्हा दुर्बीण करावी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लक्षणे नसलेल्या रुग्णात ही दुसरी तपासणी आणखी मोलाची, कारण ‘बरे वाटतेय का?’ हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. त्याला आधीही बरेच वाटत होते.

जखम भरल्यावर औषध बंद केले, तर ‘सी’ आणि ‘डी’ गटातल्या बहुतेकांची जखम थोड्याच महिन्यांत पुन्हा उघडते. म्हणून या गटाला दीर्घकाळ औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. काहीच दुखत नसताना रोज गोळी घ्यायची, हे पटवून देणे अवघड जाते. रक्तदाबाची गोळीही दुखते म्हणून कोणी घेत नाही, ही तुलना इथे चपखल बसते.

गोळी कधी घ्यायची, याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. ही औषधे जठरातले आम्ल तयार करणारे ‘पंप’ बंद करतात, आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी सकाळी न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यायची असते. रात्री जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. अलीकडे भारतातही मिळू लागलेले व्होनोप्रझान हे वेगळ्या पद्धतीने काम करते आणि त्याला जेवणाची वेळ पाळावी लागत नाही. मोठ्या जखमा भरण्यात त्याची कामगिरी चांगली आहे, पण सौम्य सुजेसाठी पहिल्याच फटक्यात ते वापरण्याचे कारण नाही.

सौम्य असेल तर गोळी द्यायची का?

खरा पेच आहे ‘ए’ आणि ‘बी’चा, कारण लक्षणांशिवाय सापडणारे बहुतेक जण याच दोन गटांत असतात. इथे जगभरच्या डॉक्टरांची एकच रीत नाही. काही जण आठ आठवड्यांचा एक कोर्स देऊन थांबतात. काही फक्त वजन, तंबाखू आणि जेवणाच्या वेळा यांवर काम करतात आणि त्रास सुरू झाला तर या, असे सांगतात. सौम्य सूज बहुतेकांमध्ये सौम्यच राहते, अनेकदा आपोआप ओसरते, हा या दुसऱ्या गटाचा आधार.

‘द्यायला काय हरकत आहे, साधी तर गोळी आहे’ या युक्तिवादाला एका डॅनिश प्रयोगाने चांगला शह दिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १२० निरोगी, कधीच आम्लाचा त्रास नसलेल्या व्यक्ती होत्या. निम्म्यांना आठ आठवडे पीपीआय आणि नंतर चार आठवडे खोटी गोळी दिली, उरलेल्यांना सगळे १२ आठवडे खोटीच गोळी. औषध बंद झाल्यानंतर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनासारखा त्रास जाणवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. आम्ल दाबून ठेवले की शरीर ते बनवण्याची क्षमता वाढवून ठेवते आणि औषध थांबताच उसळी मारते.

म्हणजे ज्याला काहीच होत नव्हते त्याला गोळी दिली, ती एके दिवशी बंद केली, आणि आता जळजळ सुरू झाली. रुग्णाला वाटते, आजार बळावला. तो गोळी पुन्हा सुरू करतो. सोडायचा प्रयत्न करतो, पुन्हा जळजळ. आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘गॅसची गोळी’ सुटत नसलेल्यांमध्ये असे किती असतील, याचा विचार करण्यासारखा आहे. ही उसळी साधारण काही आठवड्यांत ओसरते. म्हणून औषध बंद करताना मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करणे किंवा मधले काही दिवस साधे अँटासिड वापरणे असे मार्ग डॉक्टर सुचवतात.

दुसऱ्या बाजूने, पीपीआयने किडनी जाते, हाडे मोडतात, स्मृतिभ्रंश होतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात, तेही तसेच्या तसे खरे नाहीत. १७,५९८ हृदयरुग्णांवर सुमारे तीन वर्षे झालेल्या ‘कंपास’ चाचणीत पँटोप्राझोल घेणाऱ्यांमध्ये आतड्याचे संसर्ग थोडे जास्त दिसले. बाकी भीती त्या काळात तरी खरी ठरली नाही. खूप वर्षे घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होणे दिसते, त्यावर लक्ष ठेवावे लागते. तेव्हा ‘डी’ ग्रेडच्या रुग्णाने मोबाइल पाहून गोळी बंद करणे आणि ‘ए’ ग्रेडच्या रुग्णाने ती आयुष्यभर घेणे, दोन्ही चूकच.

औषधाशिवाय जे करायचे त्यात फारसे नवे काही नाही. पोटाचा घेर कमी करणे, जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे. मात्र शेतीला रात्रपाळीची वीज असली की पाणी देऊन घरी यायला मध्यरात्र होते. मग जेवण आणि लगेच अंथरूण. तीन तासांचा नियम अशा घरात कसा पाळणार? मोठे जेवण संध्याकाळी शेतावर जाण्याआधी आणि परतल्यावर अगदी थोडे, असा फेरफार करता येतो.

राहिला तिखटाचा प्रश्न. ‘ज्याने त्रास होतो ते टाळा’ हा नेहमीचा सल्ला लक्षणे नसलेल्या माणसाला लागूच पडत नाही, कारण त्याला कशानेच त्रास होत नाही. केवळ रिपोर्टवरच्या अक्षरासाठी ठेचा बंद करण्याला भक्कम आधार नाही.

सूज प्रत्येक वेळी आम्लाचीच नसते

गोळी नळीत अडकूनही जखम होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या, हाडांसाठीची अलेंड्रोनेट, वेदनाशामके ही नेहमीची नावे. अंथरुणावर पडल्या पडल्या घोटभर पाण्यासोबत गोळी घेतली की ती अर्ध्या वाटेत विरघळते. अशी जखम बहुधा नळीच्या मध्यावर असते, खालच्या टोकाला नाही. उपाय साधा आहे : बसून, पेलाभर पाण्यासोबत गोळी घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

पांढरे ठिपके दिसले तर बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा संशय येतो. अनियंत्रित मधुमेह, दम्याचा स्टेरॉइड पंप, स्टेरॉइडच्या गोळ्या, एचआयव्ही यांत ती जास्त दिसते. इथे बुरशीनाशक द्यायचे की नाही यापेक्षा ती का आली, हा प्रश्न मोठा. साखर कधीच तपासलेली नसेल तर ती तपासणे हा पहिला उपचार. पंप वापरणाऱ्याला चूळ भरायला शिकवणे हा दुसरा.

अस्तरावर कड्या किंवा उभ्या रेषा दिसल्या तर इओसिनोफिल नावाच्या पेशींमुळे होणाऱ्या ॲलर्जीजन्य सुजेचा विचार होतो. दुर्बिणीत संशय आला की वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे घेतले जातात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल सापडले तरी, गिळण्याचा त्रास नसेल तर या आजाराचे निदान पूर्ण होत नाही. तेव्हा डॉक्टर बहुधा पुन्हा ‘भाकरी कशी खाता’ या प्रश्नाकडे वळतात.

मग सगळ्यांचीच दुर्बीण का करू नये?

लक्षणांशिवाय एवढे काही सापडते, तर चाळिशीनंतर प्रत्येकाचीच तपासणी करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. आरोग्य तपासणीची पॅकेजेही याच तर्कावर विकली जातात. या प्रश्नाचा विचार करायला धाराशिवकरांना फार लांब जावे लागत नाही. लक्षणे नसलेल्या माणसांना तपासून जीव वाचतात का, याचा जगातला एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीसोबत परंडा आणि भूम तालुक्यांतली गावे तिच्यात येतात. याच रुग्णालयाने मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत केवळ डोळ्यांनी पाहून, आणि उरलेल्या गटांत फक्त नेहमीची सेवा.

२००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. गटांचा आकार जवळपास सारखाच, ३४ हजार आणि ३१ हजार. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत तशी ठळक घट दिसली नाही. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न दिल्यावरून या प्रयोगावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते गंभीर होते.

त्या गावांमधून मिळालेले उत्तर असे की लक्षणे नसताना तपासणे तेव्हा फळते, जेव्हा तपासणी सोपी असते, सापडलेला बदल पुढे जीव घेण्याची शक्यता बरीच असते आणि तो त्याच वेळी काढून टाकता येतो. हीच फूटपट्टी अन्ननलिकेच्या सुजेला लावली तर ती बसत नाही. दुर्बिणीची तपासणी महाग, तज्ज्ञावर अवलंबून. सापडणारी सूज बहुधा सौम्य, स्वतःहून जाणारी. बॅरेट्ससाठीसुद्धा अमेरिकेतल्या सूचना सरसकट तपासणी सांगत नाहीत. दीर्घकाळ आम्लाचा त्रास आणि त्यासोबत पुरुष असणे, पन्नाशी ओलांडणे, लठ्ठपणा, तंबाखू, घरात कोणाला हा आजार असणे अशा धोक्यांपैकी निदान तीन असतील, तरच.

आपल्याकडे तर अन्ननलिकेच्या कर्करोगाची वाट बऱ्याचदा वेगळीच असते. पाश्चात्त्य देशांत आम्ल, बॅरेट्स आणि मग खालच्या टोकाचा कर्करोग अशी साखळी दिसते. भारतात जास्त आढळतो तो स्क्वॅमस प्रकारचा, आणि त्याची कारणे म्हणजे तंबाखू, दारू, फळे-भाज्या कमी असलेला आहार. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना लिऑनच्या त्याच संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आहे. चुन्यात मळलेली तंबाखू गालात ठेवून रोज पँटोप्राझोल घेणाऱ्याला त्या गोळीने या कर्करोगापासून काडीचेही संरक्षण मिळत नाही. घास अडकणे, वजन उतरणे, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काहीही असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये, आणि तेव्हा ती ‘लक्षणांशिवाय’ राहतही नाही.

‘ग्रेड बी’ आणि हिमोग्लोबिन ८

आता कळंबच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्यांच्या रिपोर्टमध्ये सर्वांत धोकादायक काय होते? सूज नव्हे. ‘कारण सापडले’ असे वाटणे.

‘बी’ ग्रेडचे ओरखडे सहसा इतके रक्त घालवत नाहीत की हिमोग्लोबिन ८ वर यावे. ‘डी’ ग्रेड किंवा मोठा हायटस हर्निया असता तर गोष्ट वेगळी. साठीच्या पुरुषात लोह कमी होऊन रक्त घटले असेल, तर जठर आणि मोठे आतडे दोन्ही तपासावेत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण मोठ्या आतड्याची गाठ महिनोन्महिने न दुखता थेंब थेंब रक्त गाळत राहू शकते. वरच्या तपासणीत किरकोळ काहीतरी सापडले की खालची तपासणी राहून जाते, हा नेहमीचा सापळा आहे.

म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा क्रम साधारण असा असेल. लोहाची पातळी म्हणजे फेरिटिन तपासणे. गुडघ्यासाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पिशवीतून बाहेर काढून पाहणे आणि शक्य असेल तर बंद करणे. जठरातून तुकडा घेऊन हेलिकोबॅक्टर जंतू आहे का ते बघणे. आठ आठवडे पीपीआय, न्याहारीआधी, आणि कधी थांबवायचे ती तारीख चिठ्ठीवरच लिहून देणे. लोहाची गोळी देताना पीपीआयमुळे लोह शोषण कमी होऊ शकते हे ध्यानात ठेवणे. ग्रेड ‘बी’साठी पुन्हा दुर्बीण करायची का, हे आठ आठवड्यांनंतर ठरेल, बहुतेकांना ती लागत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, त्याच आठवड्यात, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीची तारीख. त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध प्यावे लागते, रात्रभर परसाकडे जावे लागते आणि पुन्हा एकदा लातूरची एसटी पकडावी लागते. कंटाळा येतो तो इथेच.